दार धरायला

आमच्या डोंबिवलीच्या घरातल्या बाथरूमला आतून दोन कड्या होत्या. एक वर, एक खाली, दोन्ही पितळेच्या आणि दणकट. घर घेतलं तेव्हा भिंतींना रंग कुठला, ओट्याला दगड कुठला, यातलं आईने काहीही विचारलं नाही. सुताराला फक्त एवढंच सांगितलं, "दोन लाव. एक तुटली तर दुसरी पाहिजे." सुतार हसला. आई हसली नाही.

याचं मूळ विठ्ठलवाडीच्या चाळीत होतं. आमच्या रांगेतल्या सगळ्या खोल्यांना मिळून बायकांचे तीन संडास होते आणि त्यांतल्या एकाही दाराला कडी टिकत नसे. लावली की महिन्याभरात उखडलेली. त्यामुळे आमच्याकडे कुणी बाई एकटी जात नसे. "दार धरायला चल," असं म्हणायचं आणि ऐकणारीने हातातलं काम टाकून निघायचं, असा रिवाजच होता. आतली आत, बाहेरची दाराला हात लावून उभी. नळावर कडाकडा भांडलेल्या दोघीसुद्धा एकमेकींचं दार धरायच्या, फक्त न बोलता. माझं दार आई धरायची आणि आईचं मी. मी भित्री होते. आत बसल्या बसल्या दर मिनिटाला ओरडायचे, "आहेस ना?" बाहेरून ठरलेलं उत्तर यायचं, "आहे. आवर." आईने मात्र आतून मला कधी असं विचारलं नाही. मला वाटायचं, तिला भीती वाटतच नाही.

आई पालिकेच्या दवाखान्यात आया होती. नोकरीभर तिने परक्या बायकांचं सगळं केलं, आणि प्रत्येक वेळी आधी पडदा ओढला. पडदा नसेल तिथे स्वतःचा पदर ताणून उभी राहिली. हे मला तिच्या बरोबरच्या बायकांनी सांगितलं, तिने नाही. दुसऱ्याची लाज इतकी जपणारी बाई घरी येऊन बिनकडीच्या दारामागे बसायची. त्या दोन पितळी कड्या म्हणजे तिच्या लेखी अख्ख्या नोकरीची कमाई होती.

तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ती कमाई आमच्या जिवावर उठली. मी ठाण्याला कोर्टात क्लार्क आहे. लग्न केलं नाही, तो वेगळा विषय. घरात आई आणि मी, दोघीच. निघायच्या घाईत डबा भरत होते, तर बाथरूममधून धप्प असा आवाज आला. दार ढकललं, हलेना. दोन्ही कड्या लावलेल्या. मी दारावर थापा मारल्या, खांदा लावला, शेवटी खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना हाका मारल्या. पहारीने दार फोडेपर्यंत पाऊण तास गेला. आई फरशीवर आडवी होती, खुबा मोडला होता, आणि त्या अवस्थेत ती म्हणत होती, "थांबा, आधी साडी नीट करू दे."

ऑपरेशन झालं, पण तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि मी दिवसाचे दहा तास घराबाहेर. सांभाळायला ठेवलेल्या दोन बायका सोडून गेल्या, कारण आई त्यांना बाथरूममध्ये पाऊल ठेवू देईना. शेवटी विषय तिनेच काढला. "मला ठेव कुठेतरी, जिथे चार बाया असतील." मला तो काढताच आला नसता.

आम्ही तीन वृद्धाश्रम पाहिले. तिन्ही ठिकाणी आई वॉकर घेऊन हॉलमधून सरळ बाथरूममध्ये गेली. पहिल्या ठिकाणी धरायला दांडा नव्हता. दुसऱ्या ठिकाणी ती दारातूनच नाक मुरडून परत फिरली. तिसरा मोहने गावाच्या पुढे एका जुन्या बंगल्यात होता. एका निवृत्त नर्सने चालवलेला, फक्त बायकांसाठी, एकूण चौदा जणी. तिथे आई आत गेली, कडी लावल्याचा आवाज आला, काढल्याचा आला, पुन्हा लावल्याचा आला. बाहेर येऊन म्हणाली, "राहते इथे." जागेची पहिली तपासणी तिने अशी केली होती.

त्या निवृत्त नर्सला सगळ्या 'सिस्टर' म्हणत. मी माणसांचं कौतुक सहसा करत नाही, कोर्टात बसून ती सवय जाते. पण सिस्टरचं करते. चौदा जणींच्या गोळ्या तिला तोंडपाठ होत्या. आईची सकाळची बुद्धवंदना असते आणि शेजारच्या खाटेवरच्या कोकणातल्या काकूंचा हरिपाठ, दोन्हींच्या वेळा सांभाळून ती नाश्ता लावायची. आई रमली. मी दर रविवारी जायचे, तर कधी कधी तिला माझ्याशी बोलायला सवड नसायची.

मग गेल्या हिवाळ्यात नोंदणीच्या नूतनीकरणाची तपासणी लागली. ठाण्याहून अधिकारी येणार, नातेवाइकांपैकी एकदोघांनी हजर राहावं, असं सिस्टरने कळवलं. तपासणीत नापास झालं तर वृद्धाश्रम बंद आणि चौदा जणी पुन्हा आपापल्या अडचणींच्या दारात. मी अर्धी रजा टाकली. सरकारी तपासणी किती वेळ चालते ते मला ठाऊक होतं: चहा, बिस्किटं, सही, शिक्का, चला.

सिस्टरने घरचं कार्य असल्यासारखी तयारी केली होती. नव्या चादरी, काचेचे पेले, आणि दारात वॉकरसाठी केलेल्या उतारावर हा एवढा मोर रांगोळीने काढलेला. अंगणात तेवढीच एक जागा गुळगुळीत होती ना. येता-जाता प्रत्येकाने त्या मोराला नावाजलं. मीही.

अधिकारी बाई रिक्षातून उतरल्या. पस्तिशीच्या असतील, खांद्याला कापडी पिशवी, बोलण्यात देशावरचा हेल. उतारापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "रांगोळी फार सुरेख आहे हो, सिस्टर. पण इथे नको. वॉकर घसरंल." सिस्टरचा चेहरा पडला. मी मनात म्हटलं, माझी आई दिवसातून दोनदा याच उतारावरून जाते आणि मी इथे उभी राहून मोराचा पिसारा बघत होते.

त्यानंतर जे बघितलं ते मी कुठल्याच सरकारी माणसाकडून बघितलं नव्हतं. मॅडमनी चपला काढल्या आणि अख्ख्या घरातून अनवाणी फिरल्या, फरशी कुठे ओली, कुठे निसरडी, ते तळव्यांनी बघत. आईच्या गादीवर हात फिरवून खळगा कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं, मग त्याच कुशीवर स्वतः झोपल्या, डोळे मिटले आणि बेल शोधायला हात लांब केला. हात हवेत राहिला. "माणूस या कुशीवर झोपतंय आणि बेल पाठीमागच्या भिंतीला," त्या म्हणाल्या आणि लिहून घेतलं. चहा घेतला, पण हॉलमध्ये सगळ्यांच्यात बसून. जेवणाची वेळ झाली तेव्हा आमटी-भात घेतला आणि काकूंना तो चावता येतो का, ते काकूंनाच विचारलं. मी ऑफिसला फोन करून पूर्ण रजा सांगितली.

शेवटी बाथरूम. मॅडम आत गेल्या आणि कडी लावली. आम्ही बाहेर उभ्या. एक मिनिट काहीच नाही. मग बादली दणकन आपटल्याचा आवाज झाला आणि बारीक, म्हातारा आवाज आला, "सिस्टर... मला उठता येईना."

सिस्टर धावली. दार ढकललं, ठोठावलं, पुन्हा ढकललं. मला माहीत होतं की हे नाटक आहे. तरी मी पुन्हा डोंबिवलीच्या त्या दारापुढे उभी होते.

कडी निघाली. मॅडम बाहेर आल्या, हातातलं घड्याळ दाखवलं. "चार मिनिटं झाली. मी उघडलं नसतं तर?" त्यांनी लिहून घेतलं. "दार बाहेरून उघडता आलंच पाहिजे. सगळ्या कड्या काढा. मी आठ दिवसांनी येते, तोवर अहवाल वर पाठवत नाही."

खाटेवरून आई म्हणाली, "मग माझी पिशवी भरा. बिनकडीच्या घरात मी राहायची नाही."

माझ्या नाकावर राग असतोच. तो त्या दिवशी सगळ्यांदेखत उसळला. "याच कडीपायी मरत होतीस तू!" असं ओरडून मी डोंबिवलीची सगळी हकीकत सांगून टाकली. पहार, पाऊण तास, आणि साडीचंही. ते शेवटचं मी सांगायला नको होतं. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

मॅडमनी स्टूल ओढलं आणि तिच्याजवळ बसल्या. "आजी, दोन कड्या कशापायी लावल्या होत्या?"

आई भिंतीकडे बघतच बोलायला लागली. चाळीचं सांगितलं, दार धरायचं सांगितलं. मला वाटलं, झालं. पण ती थांबली नाही.

"एकदा दार धरायला पोर उभी होती माझी. आठ वर्षांची असेल. कोणीतरी खेळायला हाक मारली, गेली पळून. मला आत काय माहीत? तेवढ्यात एकाने दार उघडलं."

"मग?"

"मग काय. उघडलं आणि बघत उभा राहिला. मी ओरडले तरी हलेना. नंतर चाळीत दिसला की हसायचा."

"तुम्ही कुणाला सांगितलं?"

"कोणाला सांगणार? पोरीला रागावले असते तर ती आयुष्यभर मनात धरून बसली असती. लहान होती."

ती पोर तिथेच, दोन हात अंतरावर उभी होती. छप्पन्न वर्षांची. मला त्यातलं काही म्हणजे काहीच आठवत नव्हतं. कोणी हाक मारली, काय खेळलो, काही नाही. मी घरातून बाहेर जाऊन उतारावर बसले आणि तिथे उरलेली रांगोळी हाताने पुसत राहिले.

मॅडम निघताना आईला एवढंच म्हणाल्या, "कडीला नियमात जागा नाही, आजी. पण तुम्ही सांगितलं तेपण खरं आहे. तुम्ही विचार करा, मीपण करते."

दुसऱ्याच दिवशी कड्या निघाल्या. सिस्टरने प्रत्येक दारावर 'आत कोणी आहे' अशी उलटसुलट करायची पाटी लावली. आई म्हणाली, "पाटीला काय हात असतात?" पिशवी तिने भरली नाही, कारण जाणार कुठे, हे तिलाही कळत होतं. तिने दुसरंच केलं. पाणी प्यायचं सोडलं. पाणी नाही तर जायला नको, असा साधा हिशोब. सिस्टरच्या लक्षात आलं तोवर ताप चढला होता. लघवीचं इन्फेक्शन, डॉक्टर म्हणाले, आणि या वयात असलं काही हलक्यात घेऊ नका.

मी ठाण्याला मॅडमच्या ऑफिसात गेले, जेवणाच्या सुट्टीत, डबा न उघडता. कोर्टातली असल्यामुळे अर्ज लिहूनच नेला होता. एका बाथरूमला एक कडी राहू द्या, जबाबदारी माझी, खाली सही. मॅडमनी तो शेवटपर्यंत वाचला आणि परत केला.

"सही केलीत म्हणून दार उघडंल का?"

मी रडायला लागले. ऑफिसात, सगळ्या टेबलांपुढे. मी म्हटलं, "तिने पाणी सोडलंय हो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "आठ दिवस नको मग. परवा शनिवार आहे. सुट्टी आहे मला, येते."

त्यांनी नियम वाकवला असता तर तेव्हा मी त्यांच्या पाया पडले असते. वाकवला नाही, म्हणून आज त्यांचं नाव घेतल्यावर मी बसल्या जागी सरळ होते. हे कळायला मला मधले दोन दिवस लागले.

शनिवारी त्या आल्या. आईचा ताप उतरला होता, पण ओठ सुकलेले होते आणि माझ्याशी बोलणं अजून बंद होतं. मॅडमनी सगळी दारं बाहेरून उघडून पाहिली, जागा बदललेल्या बेल्स वाजवून पाहिल्या. उतार कोरडा होता, मोर आता तुळशीजवळ गेला होता. मग रजिस्टर सिस्टरकडे देऊन त्या आईच्या खाटेपाशी आल्या आणि अगदी सहज म्हणाल्या,

"आजी, सकाळी निघाल्यापासून जायला मिळालं नाही मला. आणि तुमच्या इथे तर कडीच नाही. दार धरायला येता का?"

आईने त्यांच्याकडे निरखून पाहिलं. मग वॉकर ओढला आणि उठली. मी आधाराला पुढे झाले, तिने मला हातानेच मागे सारलं. एक एक पाऊल टाकत ती बाथरूमपर्यंत गेली. मॅडम आत गेल्या. आईने एक हात वॉकरवर ठेवला, दुसरा दारावर पसरून लावला आणि पाठ ताठ केली. इतकी ताठ मी तिला ऑपरेशननंतर पाहिली नव्हती.

तेवढ्यात सिस्टर घाईघाईने रजिस्टर घेऊन आली. "मॅडम कुठायत? एक सही..."

"थांब तिथेच," आई म्हणाली. "आत माणूस आहे."

सिस्टर जागच्या जागी थांबली. आतून आवाज आला, "आजी, आहात ना?"

"आहे," आई म्हणाली. "आवर निवांत."

मॅडमला खरोखर जायचं होतं की नव्हतं, हे मी त्यांना कधी विचारलं नाही. बाहेर आल्या, हात धुतले, आणि म्हणाल्या, "बरं वाटलं आजी. हॉस्टेलला होते तेव्हा आम्ही पोरी असंच करायचो." आई खाटेवर परत आली आणि काकूंना म्हणाली, "तुम्हाला जायचं असेल तर मी येते हो." काकूंनी घरी परसात एकटीने जाण्यात आयुष्य काढलेलं, पण त्या बाई मनाच्या मोठ्या. म्हणाल्या, "चला ताई. आणि मग तुमचं मी धरते." त्या दिवशी आई दोन पेले पाणी प्यायली. सिस्टरने ते मला फोन करून सांगितलं, परीक्षेचा निकाल सांगावा तसं.

अहवाल पास होऊन गेला. शेऱ्याच्या रकान्यात मॅडमनी लिहिलं होतं की कड्या काढल्या आहेत आणि सोबतीची व्यवस्था रहिवाशांनी आपसांत केली आहे. मी आयुष्यभर शेरे वाचत आले, पण इतका सरळ शेरा वाचला नव्हता. हळूहळू चौदाही जणी जोडीने जायला लागल्या. त्यात गप्पा होतात, आणि कुणी आत जास्त वेळ गप्प राहिली तर बाहेरची लगेच दार उघडते.

आई माझ्याशी बोलायला लागली. भाजी काय केलीस, कोर्टात काय झालं, सगळं. झाल्या गोष्टीचा विषय तिने काढला नाही आणि माझी हिंमत झाली नाही. पण एक गोष्ट मला दर रविवारी टोचायची. मी समोर बसलेली असायचे आणि आई जायचं झालं की काकूंना हाक मारायची. काकू झोपल्या असल्या तर थांबायची. मला म्हणायची नाही. मीही, "मी येऊ?" असं विचारलं नाही. आपण जे एकदा सोडून पळालो ते आपण होऊन कसं मागायचं?

परवाच्या रविवारी काकूंना त्यांचा मुलगा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला होता. आई बराच वेळ खाटेवर चुळबुळत होती. मी पेपर वाचायचं सोंग करत होते. शेवटी तिने वॉकर ओढला, उठली, दोन पावलं गेली आणि मागे न बघता म्हणाली,

"दार धरायला चल."

मी पेपर टाकून उठले. ती आत गेली, मी दार लोटून घेतलं आणि दोन्ही हात दारावर ठेवले. तेवढ्यात पर्समधला फोन वाजायला लागला. हॉलमधून सिस्टरने मला चहाला हाक मारली. मी हलले नाही. फोन वाजून वाजून बंद झाला.

आतून, आयुष्यात पहिल्यांदा, आईचा आवाज आला.

"आहेस ना गं?"

"आहे," मी म्हटलं. "आवर निवांत. मी इथेच आहे."